संगत कोणाची धरावी?



गेल्या पावसाळ्यात आमोण्याकडील एक माउली आम्हांस भेटावयास आली. मुलगा रात्री उशिरा घरी येतो, तोंडाला दारूचा वास असतो, रविवारच्या मिस्सेला त्याला उठवत नाही, अशी तिची कहाणी. "फादर, मुलगा वाईट नाही हो, त्याची संगत वाईट," असे म्हणून तिने डोळ्यांस पदर लावला. आम्ही तिचे सांत्वन केले. पंधरा दिवसांनी त्याच मुलाच्या सोबत्याची आई आली. तिचेही डोळे भरून आले आणि शब्दही तेच: मुलगा गुणी, संगत वाईट! आम्ही विचारात पडलो. प्रत्येक घरचा मुलगा जर चांगला, तर ही वाईट संगत येते तरी कोठून?

या भागातील परिस्थिती आम्ही जाणतो. खनिजाचे ट्रक व बार्जी चालत होत्या, तोवर तरुणांच्या हातांस काम होते. २०१२ साली खाणकाम थांबले, मध्यंतरी सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबले, आणि कित्येक हात रिकामे झाले. रिकाम्या हातांस पत्त्यांचा डाव अन् दारूचा पेला शोधावा लागत नाही. तेच त्यांना शोधीत येतात. तरीपण सगळा दोष परिस्थितीच्या माथी मारून भागणार नाही.

आमोण्याच्या काठाने वाहणारी मांडवी पुढे जुन्या गोव्यावरून जाते. तेथे ज्यांचे पवित्र अवशेष आहेत, त्या संत फ्रान्सिस झेवियरांनाही तारुण्यात हाच प्रश्न पडला होता. १५२५ साली, एकोणीस वर्षांचे असताना, ते शिक्षणासाठी पॅरिसला गेले. घरचे थोर कूळ, अंगी बुद्धी, मनात मोठी स्वप्ने. भोवती मित्रांची वाण नव्हती. पुढे २५ मार्च १५३५ रोजी आपल्या थोरल्या बंधूस लिहिलेल्या पत्रात त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आहे की, अनुभव नसल्यामुळे आपण वाईट संगतीत सापडलो होतो. ती माणसे बाहेरून भली दिसत, त्यांचे अंतरंग मात्र निराळे होते. त्या संगतीतून आपल्याला कोणी सोडविले, तेही त्यांनी कृतज्ञतेने सांगितले आहे: इग्नेशियस लोयोला यांनी.

हे इग्नेशियस झेवियरांना प्रथम आवडले होते काय? मुळीच नाही. वयाने पंधरा वर्षांनी वडील, युद्धातील जखमेमुळे पायाने अधू, पोशाख गरिबाचा. झेवियर त्यांची थट्टा करीत. त्याच खोलीत पीटर फेबर हा तिसरा सोबती होता, सॅव्हॉयच्या डोंगरात लहानपणी मेंढरे राखलेला. इग्नेशियसने घाई केली नाही, उपदेशाचा भडिमार केला नाही. झेवियरांच्या पैशाच्या अडचणीत मदत केली आणि धीर धरला. अखेर १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे सात मित्रांनी देवापुढे नवस केला. आठ वर्षांनी, १५४२ साली, झेवियर गोव्यास उतरले. मित्र दूर राहिले. तेव्हा त्यांच्या पत्रांतील सह्या कापून घेऊन त्या ते आपल्याजवळ बाळगीत असत. १६२२ साली इग्नेशियस व झेवियर हे दोघेही एकाच दिवशी संत म्हणून जाहीर झाले.

यातून आपण काय घ्यावे? पहिले असे की, जो हसवितो तोच मित्र असे नाही. जो आपल्या आत्म्याची काळजी वाहतो तो मित्र. दुसरे असे की, संगत धर्मावरून वा घराण्यावरून ओळखता येत नाही. पॅरिसमधील ती वाईट मंडळी बाप्तिस्मा घेतलेली आणि विद्वानही होती. उलट, आपल्या डिचोली तालुक्यात एखादा सालस हिंदू शेजारी आपल्या मुलास दारूच्या दुकानावरून हात धरून घरी आणून पोचवितो, तो सुसंगतीच होय. प्रभू येशू जकातदारांच्या पंगतीस बसले. परंतु बारा प्रेषित निवडण्यापूर्वी त्यांनी सारी रात्र प्रार्थनेत घालविली. प्रेम सर्वांवर करावे. मात्र मनाची किल्ली कोणाच्या हाती द्यावी, हे प्रार्थना करून ठरवावे. जो पापात ओढतो आणि सांगूनही ऐकत नाही, त्याच्यापासून दूर व्हावे, पण द्वेष न धरता.

तिसरी गोष्ट आम्हांस त्या दोन माउलींनी शिकविली. संगत म्हणजे केवळ दुसरे लोक नव्हेत. आपणही कोणाची तरी संगत असतो. आपल्यामुळे शेजारचा मुलगा, बहीण, भाऊ देवाच्या जवळ जातो की दूर, हा प्रश्न पापनिवेदनापूर्वी प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

पहिली माउली पुन्हा आली, तेव्हा आम्ही तिला म्हटले, "बाई, त्या सोबत्यालाच एका रविवारी घरी जेवावयास बोलवा, आणि त्याच्या आईलाही." तिला ते प्रथम पटले नाही. तरी तिने बोलाविले. आता दोघी एकमेकींकडे येतात-जातात. मुले सुधारली असे आम्ही अजून म्हणत नाही. परंतु मागील महिन्यात एका रविवारी ती दोघे मिस्सेला आली होती. अगदी मागे, दाराशी उभी होती. पण आली होती. वाचकहो, त्यांच्यासाठी एक जपमाळ म्हणा.