सायकलवाला आणि सलाईन

सोसायटीच्या फाटकावर रखवालदार सायकलवाल्याला हमखास हटकतो. कुठं चाललास, कोणाकडे? कारवाल्याला मात्र सलाम. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यातही हीच तऱ्हा. सायकल म्हणजे गरिबी आणि गरीब म्हणजे संशयित, हा हिशेब आपण मुकाट्यानं मान्य केलाय. मशिदीबाहेर सायकल लावणाऱ्याशी आपण कसं बोलतो तेही आठवून पाहा.

मला प्रश्न पडतो, जिथं खरंच हटकायला हवं तिथं कोण उभं आहे? लग्न ठरलं की मुलीला ‘गोरी’ करायला ग्लुटाथायोन आणि व्हिटॅमिन सीची सलाईन लावून आणतात. हजारो रुपये जातात. सुई थेट शिरेत जाते; जंतुसंसर्ग होऊ शकतो, जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. बाटलीत काय आहे, हे कोणी विचारत नाही.

महाराष्ट्राचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९चा, तोही मुख्यतः रुग्णांना ठेवून घेणाऱ्यांसाठी. बाह्यरुग्ण दवाखान्यांनाही कक्षेत घेणारा केंद्राचा २०१०चा क्लिनिकल आस्थापना कायदा राज्यानं स्वीकारलेला नाही. तो स्वीकारावा, अशी माझी मागणी आहे. तोवर नवरीच्या अम्मीनं सुई टोचण्याआधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक तरी विचारावा.