सेनापती हवाच!

घरी जळगावला गेलो की गच्चीवर भरीत-पार्टी आणि नंतर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव ठरलेला. यंदा धुळ्याच्या मित्राला जादूगार नको होता, सेनापती खेळायचा होता. २००८च्या चौथ्या आवृत्तीत तसा 'वॉरलॉर्ड' होता. २०१४च्या पाचवीत तो क्लास काढला, २०२४लाही परत आणला नाही.

डाव चालवणारा म्हणाला, "भो, नुसतं ओरडून जखमा भरतात का?"

अरे, हिट पॉइंट म्हणजे फक्त रक्तमांस नाही, त्यात हिंमतही मोजलीय, पुस्तकातच लिहिलंय! १६७०ला सिंहगडावर तानाजी पडला, मावळे मागे फिरले, तेव्हा सूर्याजीने दोर कापल्याचं आपण लहानपणापासून ऐकतोय. त्याने कोणता मंत्र म्हटला होता? पळणारी माणसं फिरली की नाही?

त्यापेक्षा 'बॅटल मास्टर' फायटर घे म्हणे. तिसऱ्या लेव्हलला चार जादा फासे. मित्राला वार करू द्यायचा तर एक फासा खर्च, शिवाय स्वतःचा वार सोडायचा. फासे संपले की विश्रांती घेईपर्यंत साधा तलवारबाज. म्हणजे सूर्याजीने चार दोर कापून जेवायला बसायचं!

एक आक्षेप मात्र पटतो. सारखे हुकूम सोडणारा खेळाडू डोक्यात जातो (ऑफिसात पाच दिवस तेच सहन करतो आपण). पण वॉरलॉर्ड हुकूम देत नाही, संधी देतो. वार करायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

असो. पुढच्या डावाला धुळेकर सेनापती आहे. नियम मी बसवतोय.