आकार मनात फिरवण्याचा अभ्यास

बारावीला वाणिज्य शाखा घेतली की आयआयटीचा मार्ग संपला, असा समज व्यापारी कुटुंबांत अजूनही रूढ आहे. वस्तुतः आयआयटी मुंबईतर्फे २०१५ पासून घेतली जाणारी ‘यूसीड’ ही परीक्षा विज्ञान, वाणिज्य आणि कला या तिन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना देता येते. तिच्यातून बी. डेस. म्हणजे डिझाइन विषयाच्या पदवी अभ्यासक्रमास प्रवेश मिळतो.

या परीक्षेत अनेकांना अडवणारा भाग म्हणजे अवकाशीय आकलन. उलगडलेल्या पुठ्ठ्यावरून घन ओळखणे, फिरवलेली आकृती पडताळणे, एखाद्या रचनेचे एकूण पृष्ठभाग मोजणे, असे प्रश्न त्यात असतात. पहिल्या सराव चाचणीत कमी गुण पडले की ‘ही बुद्धी उपजतच लागते’ असे म्हणून घरातच निकाल दिला जातो. मुलींच्या बाबतीत तर तो अधिकच लवकर दिला जातो.

हा निकाल चुकीचा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २१७ अभ्यास तपासले गेले. सरावाने ही क्षमता वाढते आणि ती टिकते, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत शेरिल सॉर्बी यांनी १९९० च्या दशकात अशा चाचणीत मागे पडलेल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी खास अभ्यासक्रम सुरू केला. त्याचा मोठा भर हाताने रेखाटने काढण्यावर होता. तो पूर्ण करणाऱ्या विद्यार्थिनी अभियांत्रिकीत अधिक प्रमाणात टिकून राहिल्या.

तयारीचा आरंभ पुस्तकापेक्षा वस्तूंपासून करावा. मिठाईचा रिकामा खोका उलगडून त्याचे रेखाटन करावे. मग चौरस कागदावर घनाचे उलगडे स्वतः शोधावेत; ते एकूण ११ असतात. साबणाची वडी सुरीने निरनिराळ्या कोनांतून कापावी. कोपरा छाटला तर त्रिकोण दिसतो. घनाच्या सहाही बाजूंना छेद जाईल असा तिरका काप घेतला तर षटकोन. आधी उत्तर मनात ठरवावे, कागदावर काढावे आणि मगच वडी कापावी. या क्रमातच खरा अभ्यास आहे.

प्रत्यक्ष प्रश्न सोडवताना संपूर्ण आकृती एकदम फिरवू नये. शेपर्ड आणि मेट्झलर यांनी १९७१ मध्ये दाखवले की, आकृती जितक्या अधिक अंशांतून फिरवावी लागते, तितका वेळ अधिक लागतो. म्हणून एक कोपरा किंवा एक खूण धरावी, तिच्या शेजारी काय आहे ते पाहावे आणि न जुळणारे पर्याय बाद करावेत. पृष्ठभाग मोजताना वर, खाली आणि चार बाजू अशा ठरलेल्या क्रमाने मोजावे. आतील पोकळीचे पृष्ठभाग शेवटी धरावेत. संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांना ऋण गुण नसतात. ते कोरे सोडू नयेत. बहुपर्यायी प्रश्नांत मात्र चुकीच्या उत्तराचे गुण वजा होतात.

मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. महागड्या शिकवणीचे शुल्क भरण्यापूर्वी त्या सोडवाव्यात. प्रत्येक चुकीची नोंद वहीत ठेवावी: आरसा चुकला, मोजणी चुकली की घाई झाली? महिनाअखेरीस ही वही रोजमेळासारखी तपासली म्हणजे तूट कोठे आहे ते कळते.

परीक्षा साधारणतः जानेवारीत होते. अकरावीच्या सुट्टीपासून रोज अर्धा तास दिला तरी पुरेसा अवधी मिळतो. टेम्पोत किती खोकी कशी बसतील हे नजरेने ठरवणारे वडील आणि उरलेल्या कापडातून पिशवीचा बेत काढणारी आजी हीच विद्या जाणतात. मुलांना त्यांच्याजवळ बसवावे आणि पहिल्या चाचणीच्या गुणांवरून त्यांचे भवितव्य ठरवू नये.