भाषांतरास न येणारे शब्द

भाषांतराच्या तासास एकदा ‘ती चार दिवस माहेरी गेली’ हे साधे वाक्य इंग्रजीत करावयास दिले होते. कोणी माहेरास ‘आईचे घर’ म्हटले, कोणी ‘बापाचे घर’ म्हटले. व्याकरणदृष्ट्या दोन्ही उत्तरे निर्दोष होती. तथापि दोहोंतूनही माहेर मात्र निसटले. कारण माहेर हे केवळ घराचे नाव नव्हे. मुलगी त्याच घरात, त्याच माणसांत लहानाची मोठी होते, तोवर त्यास कोणी तिचे माहेर म्हणत नाही. ज्या दिवशी ती उंबरठा ओलांडून सासरी जाते, त्या दिवशी त्याच भिंतींचे माहेर होते. सोडून गेल्यावाचून जे मिळत नाही, असे हे घर! एवढा अर्थ परभाषेतील एका शब्दात कसा मावावा?

असे शब्द पाहून पुष्कळांस वाटते, की जो भाव आमच्या भाषेत आहे, तो इतरांपाशी नाहीच. हा अभिमान फार जुना आहे. पोर्तुगालचा राजा दुआर्त (राज्यकाल १४३३ ते १४३८) याने आपल्या ग्रंथात ‘सौदाद’ या शब्दाविषयी असेच लिहून ठेविले, की लॅटिनमध्ये वा अन्य भाषेत त्यास जोड नाही. प्रिय माणूस किंवा स्थळ दूर असता जी ओढ लागते, आणि जिच्या दुःखातही आठवणीचा गोडवा मिसळलेला असतो, ती सौदाद. गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता; वसईही १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. त्यांच्यापासून पाव, बटाटा, चावी, पगार, घमेले हे शब्द मराठीने घेतले. सौदाद मात्र घेतली नाही. म्हणून मराठी माणसास ती वेदना ठाऊकच नव्हती, असे मानावे काय? मुळीच नाही. बटाटा नवा होता, म्हणून त्याच्याबरोबर त्याचे नावही आले. विरह, ओढ, हुरहूर ही मंडळी आपल्या घरी पूर्वीपासूनच नांदत होती.

दुसरे एक उदाहरण पाहावे. घरापासून दूर असलेल्या माणसाचा घरासाठी जीव तुटतो, त्यास जर्मन भाषेत ‘हाइमवे’ म्हणतात. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे या विषयावर प्रबंध लिहिला. विद्वानांच्या भाषेत या वेदनेस शब्द नव्हता. तेव्हा ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडविला, आणि तो एका रोगाचे नाव म्हणून दिला. आज त्या शब्दाने कोणास रोग आठवत नाही. गेलेल्या दिवसांविषयीची हळवी ओढ, एवढाच अर्थ सामान्यतः उरला आहे. शब्द परभाषेत गेला खरा, परंतु वाटेत त्याचा भाव पालटला. मूळ वेदना मात्र होती तेथेच आहे. वसतिगृहात पहिल्या रात्री तोंडावर पांघरूण ओढून निजणाऱ्या मुलास ती कोणी शिकवावी लागत नाही.

यावरून माझे मत असे, की भाव सर्व मानवांचे असतात. त्यांतील कोणत्या छटेस वेगळे नाव द्यावयाचे, हे मात्र ज्या त्या भाषेने ठरविलेले असते. म्हणून परभाषेतील असा शब्द भेटल्यास त्याची थट्टा करू नये, आणि आपल्या शब्दाचा गर्वही वाहू नये. मात्र गर्वाहूनही मोठा दोष आळसाचा आहे. इंग्रजी प्रतिशब्द सापडत नाही म्हणून आपण आपला शब्दच टाकून देऊ लागलो आहोत. उद्या घर सोडावयाचे, या विचाराने संध्याकाळी लागते ती हुरहूर. गाडी थोडक्यात चुकली, याची घटकाभर वाटते ती चुटपुट. आजारी आजीस भेटावयाचे राहूनच गेले, याची वर्षानुवर्षे मनात राहते ती रुखरुख. हल्ली मात्र पुष्कळ मुले ‘घर मिस करतो’, ‘गाडी मिस झाली’, ‘आजीला भेटणे मिस झाले’ असे म्हणून मोकळी होतात. तीन वेगळ्या वेदनांस एकच नाव पडले, म्हणजे त्यांतला भेद ओळखण्याची मनाची सवयही हळूहळू मोडते. चुटपुट आपोआप जाते; रुखरुखीवर वेळीच उपाय करावा लागतो. ज्यास हा भेद कळला, तो आजीस भेटावयास आजच निघेल.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, भाषांतर करताना असा शब्द आडवा आला, तर एका शब्दाचा हट्ट सोडून खुशाल दोन वाक्ये लिहा. परंतु शब्दाचा जीव घेऊ नका. पालकांसही एक विनंती. मुले घरी आली म्हणजे त्यांच्याशी आपल्या भाषेत निवांत बोलावे. हुरहूर, रुखरुख हे शब्द कोशात सापडतील. पण ते कोणत्या क्षणी उच्चारावयाचे, हे मूल आईबापांच्या तोंडूनच शिकते.