सनद आधी विचारणाऱ्याने दाखवावी

शिवकालीन राजपत्रांच्या माथ्यावर मुद्रा, आणि मजकूर जेथे संपला तेथे मर्यादेचा लहानसा शिक्का, अशी जी वहिवाट होती तिच्यात दुहेरी शहाणपण होते: वरच्या मुद्रेने पत्र कोणाचे हे वाचणाऱ्यास कळे, आणि खालच्या शिक्क्यामुळे मागाहून एखादी ओळ घुसडण्याची सोय कोणा कारकुनास उरत नसे. ओळख पटवण्याचा भार तेथे हुकूम सोडणाऱ्यावर होता. आजच्या बँकव्यवहारात ही रीत पुरती उलटली असून, खातेदाराने पावलोपावली आपण खरोखरच आपण आहोत हे सिद्ध करावे आणि समोरून बोलणारी बँक खरी की खोटी हे मात्र त्याने केवळ आवाजावरून ताडावे, अशी विचित्र अपेक्षा आपण निमूटपणे मान्य केली आहे.

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना गेल्या वर्षी असाच एक फोन आला. बोलणाऱ्याने अत्यंत अदबीने ‘सर’ म्हणून संबोधले, जन्मतारीख विचारली, कार्डाचे शेवटचे चार आकडे स्वतःहून वाचून दाखवले, आणि अखेरीस मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. सरांनी तो दिला, कारण त्यांची खरी बँकही फोनवर जन्मतारखेपासूनच सुरुवात करीत असे, आणि खऱ्याखोट्यात फरक करावा असे एकही चिन्ह त्या बँकेने त्यांच्या हाती कधी ठेवले नव्हते. तक्रारीस उत्तर आले ते दोन ओळींचे: ओटीपी आपण सांगितलात, सबब जबाबदारी आपली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा बोजा बँकेवर टाकला आहे खरा. परंतु गुप्त माहिती ग्राहकाने दुसऱ्यास दिली असेल, तर तक्रार नोंदवीपर्यंतचे नुकसान त्यानेच सोसावे, असेही त्यात म्हटले आहे, आणि या एका वाक्याच्या आश्रयाने पुष्कळ प्रकरणे दप्तरबंद होतात.

कार्डाच्या ऑनलाइन खरेदीस पडताळणीची दुसरी पायरी १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची झाली, तो निर्णय दूरदृष्टीचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. दोष आहे तो त्या पायरीने पुढे घेतलेल्या रूपाचा. ओटीपी हे उच्चारता येणारे गुपित आहे. आणि जे उच्चारता येते ते गोड बोलून, भीती घालून किंवा हुबेहूब नकली संकेतस्थळ उभारून काढून घेता येते.

हा दोष केवळ भोळ्या वृद्धांपुरता नाही, याची साक्ष पुण्यातच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांपैकी बहुतांश रक्कम अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएममधून नकली कार्डांनी काढण्यात आली आणि सुमारे १४ कोटी स्विफ्टच्या मार्गाने हाँगकाँगला वळवण्यात आले. कार्डधारक खरा का, पैसे द्यावेत का, ही विचारणा त्याही दिवशी रीतसर होत होती. परंतु ती बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचण्याआधीच मध्ये बसवलेला एक बनावट स्विच तिला परस्पर ‘होय’ म्हणत होता. विचारणा झाली, उत्तरही आले. उत्तर देणारा कोण, एवढे मात्र तपासले गेले नाही.

आपल्या कचेऱ्यांत तर याहून साधा अनर्थ रोज घडतो. साहेब रजेवर गेले की त्यांचा पासवर्ड हेडक्लार्ककडे असतो. नोंद करणारा एक आणि ती मंजूर करणारा दुसरा, ही व्यवस्था ज्या संस्थेने मोठ्या डौलाने ठरावात घातली, तेथेच दोन्ही नावांनी एकच मनुष्य दिवसभर कळफलक बडवीत बसतो. यात कोणाची बदनियत असते असे नव्हे, काम अडू नये एवढाच हेतू असतो. पण ज्या दिवशी तो पासवर्ड बाहेर जातो त्या दिवशी दोन कुलपांची तिजोरी एकाच किल्लीने उघडते.

यावरचा उपाय सिद्ध आहे. पासकी या नावाने आता परिचित झालेल्या पद्धतीत गुप्त किल्ली फोनमध्ये किंवा बोटाएवढ्या उपकरणात राहते आणि संकेतस्थळाला ती कधीच सांगितली जात नाही; संकेतस्थळ एक प्रश्न पाठवते, उपकरण त्याच्या उत्तरावर सही करते, आणि ती सही ज्या पत्त्यासाठी किल्ली घडवली त्या पत्त्यापुरतीच चालते. नकली पत्त्यावर ती उमटतच नाही, मग धनी कितीही फसलेला असो! गूगलने २०१७ च्या सुमारास आपल्या ८५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना अशी उपकरणे सक्तीची केली, आणि त्यानंतर पुढल्या वर्षापर्यंत कामाचे एकही खाते फसवणुकीने बळकावले गेले नाही, असे त्या कंपनीने सांगितले.

रिझर्व्ह बँकेनेही योग्य दिशेने पावले टाकली आहेत. बँकांच्या संकेतस्थळांना ‘.बँक.इन’ हा राखीव पत्ता आणि सेवेच्या फोनांना १६०० पासून सुरू होणारे क्रमांक, या दोन्ही योजनांत सनद दाखवण्याचे काम प्रथमच बँकेच्या गळ्यात पडले आहे. २५ सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनी तर, त्यांचे पालन न करता झालेल्या व्यवहारात ग्राहकाचे नुकसान झाल्यास ते कुरकूर न करता पूर्ण भरून द्यावे, असेही बजावले असून, त्यांचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे. मात्र ओटीपीला त्यात मज्जाव नाही, आणि जोवर तो स्वस्त आहे तोवर बँका आपण होऊन तो सोडतील, असा माझा भरवसा नाही.

पासकीने सर्व रोग हटतील असेही कोणी समजू नये. ‘डिजिटल अटके’च्या धाकाने जो मनुष्य स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो, त्याला कोणतीही सही वाचवू शकत नाही. शिवाय फोन हरवल्यावर काय, हा प्रश्न उरतोच, आणि येथेच खरी मेख आहे: हरवलेल्या किल्लीच्या जागी नवी देताना बँक जर पुन्हा ओटीपीच मागणार असेल, तर पुढच्या दाराला अडसर घालून परसदार सताड उघडे ठेवल्यासारखे होईल. नवी किल्ली शाखेतच, समोरासमोर मिळावी. आणि आमच्या सरांसारख्या माणसाला त्यासाठी तीन हेलपाटे घालावे लागू नयेत, एवढा एक माणूस प्रत्येक शाखेने खिडकीवर बसवावा.