गल्लीचा हिशेब

मंडळी, मार्चअखेरीस मिनेसोटात बर्फ वितळू लागला की आमच्या गल्लीत दोन गोष्टी पुन्हा दिसू लागतात: शेजाऱ्यांचे चेहरे आणि रस्त्यावरचे खड्डे. मागच्या वर्षी अशाच एका खड्ड्याने गाडीचा टायर खाल्ला आणि मी तडक सिटी हॉल गाठला.

पुण्यात असताना खड्ड्यांचा विषय निघाला की जंगली महाराज रस्त्याचा दाखला द्यायचा, महापालिकेला नावं ठेवायची आणि घरी जायचं, एवढंच मला ठाऊक. इथल्या इंजिनिअर बाईंनी माझ्यापुढे नकाशाच पसरला. प्रत्येक रस्त्याला शून्य ते शंभरपैकी गुण. चांगले हिरवे, मधले पिवळे, वाईट लाल. आमची गल्ली लालभडक.

"म्हणजे आमचा नंबर पहिला ना?"

"नाही. आधी पिवळे."

मला रागच आला. पण त्यांचं गणित चोख होतं. भेगेतून पाणी आत शिरतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि डांबर उचकटतं. भेग वेळेवर बुजवली, वर पातळ थर दिला, की रस्ता थोडक्या पैशांत आणखी काही वर्षं तगतो. खालचा पायाच खचला, तर सगळं उकरून नव्याने बांधायचं, आणि त्याला कितीतरी पट खर्च. लाल रस्त्यांमागे सगळा पैसा घालवला, तर तोवर पिवळेही लाल होतात. कोकणातले आमचे आजोबा दर मे महिन्यात कौलं चाळून घ्यायचे. घर गळायची वाट ते पाहत नसत. मुकाट्याने परत आलो.

यंदा मात्र आमची गल्ली यादीत आली. रस्त्याखालची पाण्याची जुनी पाइपलाइन बदलायचीच होती, म्हणून. पाठोपाठ पत्र आलं: दर घरामागे सहा हजार डॉलरच्या वर, हवे तर दहा वर्षांत व्याजासकट भरा.

पेट्रोलवर कर भरतो, मग हे काय? तर केंद्राचा तो कर गॅलनमागे 18.4 सेंट आहे, 1993 पासून वाढलेला नाही, आणि त्याचा पैसा जातो मोठ्या रस्त्यांना. राज्याचा रस्तेनिधी 5,000 च्या वर वस्ती असलेल्या शहरांना मिळतो, तोही शहरातल्या फार तर 20 टक्के रस्त्यांपुरता. उरलेल्या गल्ल्यांसाठी प्रॉपर्टी टॅक्स, शहराने काढलेलं कर्ज आणि ही 'स्पेशल असेसमेंट': ज्याच्या दारावरून रस्ता जातो, त्याने खर्चाचा वाटा उचलायचा.

मला हे पटलं. दोन पगारांच्या घरात पटायला वेळ लागत नाही. समोरच्या घरातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, सोशल सिक्युरिटीवर घर चालवणाऱ्या. गाडी चालवणं त्यांनी केव्हाच सोडलंय. आमच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात बर्फ ओढायचं फावडं त्यांनीच आणून दिलं होतं. त्या पत्र हातात घेऊन आल्या. आकड्यापुढचं त्यांनी वाचलंच नव्हतं.

आम्ही दोघांनी पाठचं पान वाचलं. बारीक अक्षरांत दोन गोष्टी होत्या. हरकत असेल तर ती लेखी, सहीनिशी, सुनावणी संपायच्या आत द्यायला हवी; नाहीतर पुढे कोर्टात जाता येत नाही. आणि पासष्टीच्या पुढच्या, हप्ते न झेपणाऱ्या घरमालकाला शहर वसुली पुढे ढकलून देऊ शकतं. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो. तो त्याच संध्याकाळी आमच्या डायनिंग टेबलावर भरला.

सुनावणीत मला तीन मिनिटं मिळाली. रस्ता हवाच, असं सांगितलं. सवलतीची ओळ पहिल्या पानावर ठळक छापा, असंही सांगितलं. "बघू," असं उत्तर मिळालं. हे उत्तर मला पुण्यापासून ओळखीचं आहे.

आजींचा अर्ज मंजूर झाला. पण ही माफी नव्हे. रक्कम घरावर बोजा म्हणून राहते, व्याज चढतं, आणि घर विकलं किंवा मालक गेला की वसूल होते. मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पैसे माझा मुलगा भरणार आणि त्या रस्त्यावरून गाडी तू चालवणार!" त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

सप्टेंबरात डांबर पडलं. रस्ता सुरेख झालाय. या दिवाळीत फराळाचं पहिलं ताट तो ओलांडून समोरच्या घरी जाईल. त्याने हिशेब फिटत नाही, हे मला कळतं.

तुमच्याही घरी कधीतरी असं पत्र येईल. आकड्यापाशी थांबू नका, पाठचं पान वाचा. आणि समोरच्या घरी ते कुणी वाचलंय का, तेही विचारून या.

शुभ दीपावली!