डिस्क बदलण्याआधी केबल बघा

‘लिनक्सवर हार्ड डिस्क हळूच चालते. विंडोज टाका, नाहीतर डिस्क बदला.’ दुरुस्तीच्या दुकानांत हा निकाल इतक्या सहज दिला जातो की ऐकणाऱ्याला तो खराच वाटतो. माझा त्याला ठाम विरोध आहे. नाडी न बघताच दिलेलं हे औषध आहे, आणि त्याचे पैसे भरतो तो यातलं काही न कळणारा माणूस.

आमच्या वाचनालयाचीच गोष्ट सांगतो. जुन्या दिवाळी अंकांचे स्कॅन, सुमारे ३०० जीबी, बाहेरच्या डिस्कवर घ्यायचे होते. वेग सेकंदाला ३५ एमबीच्या वर जाईना. ‘सर, डिस्क गेलीये,’ असं सांगून दुरुस्तीवाल्याने नव्या डिस्कचा भाव कागदावर लिहूनही दिला. मी टर्मिनल उघडून ‘एलएसयूएसबी’ ही कमांड ‘-टी’ जोडून चालवली. डिस्कच्या ओळीच्या शेवटी आकडा होता ‘४८०एम’. म्हणजे जोडणी यूएसबी २ ची. ४८० मेगाबिटांचे होतात ६० मेगाबाइट; देवाणघेवाणीचा खर्च वजा जाता हाती ३५-४० उरतात. म्हणजे डिस्क आळशी नव्हती, वाटच तेवढी अरुंद होती.

का, ते डिस्क उलटी करून पाहिल्यावर कळलं. यूएसबी ३ च्या अशा डिस्कचं सॉकेट रुंद असतं, त्याचे दोन भाग असतात. त्यातल्या मोठ्या भागात कुणीतरी मोबाइलची जुनी केबल खोचली होती. ती नीट बसते, डिस्क चालतेही, म्हणून संशय येत नाही. पण वेग देणारा शेजारचा भाग रिकामाच राहतो. मूळ केबल टेबलाच्या खणात सापडली. ती लावताच ‘५०००एम’ दिसलं, वेग ११० वर गेला आणि सव्वादोन तासांहून जास्त लागणारं काम पाऊण तासात उरकलं.

यावर एक आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा आहे: ‘तीच डिस्क, तीच केबल, विंडोजवर मात्र जोरात पळते.’ हे खोटं नाही. डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-पद्धतीची असेल तर लिनक्सवर वर्षानुवर्षं एनटीएफएस-३जी हा कर्नलबाहेर चालणारा ड्रायव्हर वापरला गेला, आणि जुन्या प्रोसेसरवर त्याचं ओझं जाणवतं. २०२१ मध्ये कर्नल ५.१५ बरोबर एनटीएफएस३ हा कर्नलमधलाच नवा ड्रायव्हर आला. आपल्याकडे कोणता चालू आहे ते ‘माउंट’ सांगतं. तिथे ‘फ्यूजबीएलके’ दिसलं तर बहुधा जुनाच. डिस्क फक्त लिनक्सवरच वापरायची असेल, तर डेटा दुसरीकडे काढून ती ईएक्सटी४ करावी.

‘कॉपी ९९ टक्क्यांवर अडकते’ ही तक्रार वेगळी. लिनक्स फाइल आधी रॅममध्ये घेतो आणि मागाहून डिस्कवर उतरवतो. पट्टी आधी धावते, मग थांबल्यासारखी वाटते. त्या वेळी ‘/प्रॉक/मेमइन्फो’मधला ‘डर्टी’चा आकडा उतरताना दिसतो, काम चालूच असतं. तेव्हाच केबल उपसली तर डेटा जातो.

आमच्या लिनक्सवाल्यांनाही मला सुनवायचं आहे. ‘एचडीपार्म’ला मोठा ‘टी’ जोडून आलेले हजारोंचे आकडे ‘डिस्क ठणठणीत आहे’ म्हणून दाखवू नका. तो रॅमचा वेग आहे. डिस्कचा वेग लहान ‘टी’ सांगतो.

आतल्या डिस्कसाठी ‘स्मार्टसीटीएल’ चालवा. १९९ क्रमांकाचा सीआरसीचा आकडा वाढत असेल, तर आधी साटाची केबल बदलून पाहा. पण ५ आणि १९७ या क्रमांकांचे आकडे चढत असतील, तर डिस्कचा पृष्ठभागच खराब होत चालला आहे. तिथे दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खरं. तेव्हा वेगाचे प्रयोग तिथल्या तिथे थांबवा, महत्त्वाच्या फाइली आधी उतरवून घ्या आणि मग नव्या डिस्कचा भाव विचारा.